सहावा हात

१

वाघोलीच्या अलीकडे, नगर रस्त्याच्या डाव्या हाताला, पत्र्याची एक लांबलचक शेड होती. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि फाटकावरचा रखवालदार माणसापेक्षा त्याच्या गळ्यातल्या कार्डाला सलाम ठोकतो. पण २००२ च्या मार्चपर्यंत तिथे वाऱ्याचा बोगदा होता. लाकडी, तोंडाशी रुंद, मधे चिंचोळा आणि शेपटीला दीड पुरुष उंचीचा फॅन. फॅन वारा ओढायचा. मधल्या खोलीत विमानाच्या पंखाचा नमुना आडवा बसवलेला असायचा, आणि त्यावरून वारा कुठे गुमान सरकतो, कुठे बिथरतो हे बाहेर बसलेली शिकली-सवरलेली माणसं बघायची.

हे पंख मकसूद तांबोळी बनवायचा. तीस वर्षं बनवत होता. भवानी पेठेतून पहिली बस पकडून तो सहाला शेडवर हजर व्हायचा, कारण आठनंतर आसपासचे कारखाने सुरू झाले की विजेचा दाब पडायचा आणि फॅनला दम लागायचा. सागवानाच्या पट्ट्या जोडून, तासून, घासून तो पंख असा गुळगुळीत करायचा की शेवटी त्यावरून हात न फिरवता गाल फिरवायचा. बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं, असं त्याचं म्हणणं. एकदा रंग चढला की मात्र हातमोज्याशिवाय पंखाला स्पर्श नाही. हातमोजे बोगद्याच्या दाराशी खिळ्याला टांगलेले असत आणि दार उघडायच्या आधी मकसूदचे हात आपोआप त्यांत जात.

फॅन लावण्याआधी तिथे एक रीत होती. जगात सगळीकडे डोकी मोजतात. इथे हात मोजायचे. खटक्याशी उत्तरेश्वर उभा असायचा, उस्मानाबादकडचा, मकसूदच्याच वयाचा, कमी बोलणारा. त्याचा उजवा हात खटक्यावर, डावा वर. बाकीच्यांनी दोन्ही हात वर करायचे. प्रयोग बघणाऱ्या मॅडमचे दोन, मकसूद मिस्त्रीचे दोन, स्वतःचा एक. "पाच," असं तो मोठ्यानं म्हणायचा आणि मगच खटका ओढायचा.

ही रीत एका बोटावर उभी होती. चौदा वर्षांपूर्वी, सुट्टीत, मकसूदचा मुलगा कासिम बापाबरोबर शेडवर आला होता. उत्तरेश्वरनं डोकी मोजली, सगळी बाहेर होती, फॅन लावला. नऊ वर्षांच्या कासिमचं डोकं बाहेरच होतं. हात दाराच्या फटीत होता. वाऱ्यानं दार खेचून घेतलं आणि उजव्या हाताच्या अनामिकेची वरची दोन पेरं गेली. त्यानंतर त्या शेडमध्ये कुणी डोकी मोजली नाहीत.

त्या सोमवारी पंख नवा होता, कॅमेरा नवा होता. तिघांनी हात वर केले.

"सहा," उत्तरेश्वर म्हणाला.

उल्का मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. पस्तिशीच्या, सदाशिव पेठेतल्या, आणि बोलण्यात पेठेचा सगळा माल बाळगणाऱ्या. "उत्तरेश्वर, पहिलीत परत नाव घालू का तुमचं?"

उत्तरेश्वरनं पुन्हा मोजलं. या वेळी बोट दाखवून. "पाच. चुकलं बगा, मॅडम. सकाळचा चा राहिलाय."

त्यानं खटका ओढला.

२

पूर्वी असला कॅमेरा बाहेरून आणायचा म्हणजे दिल्लीत तीन वर्षं फाइल फिरायची. आता काळ बदलला होता. फोन केला की बंगळुरूहून पेटीत बसून यायचा. हा सहा दिवसांच्या बोलीवर आला होता, शनिवारी परत जायचा होता, आणि त्यानंतर शेडही खाली करायची होती. वाऱ्याचा अभ्यास आता कॉम्प्युटरवरच होणार, असं वरच्यांनी ठरवलं होतं. हा मकसूदचा शेवटचा पंख.

हा कॅमेरा उजेड बघत नव्हता, ऊब बघत होता. गरम ते पांढरं, गार ते काळं. काळ्या रंगानं रंगवलेला पंख आधी दिव्यांनी शेकायचा, मग त्यावर वारा सोडायचा. वारा गुमान सरकतो तिथली ऊब टिकते. बिथरतो तिथली उडून जाते. पडद्यावर पुढे पांढरा पट्टा, मागे काळा आणि मधे एक रेघ. मॅडमना ती रेघ हवी होती. साध्या काचेतून या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून बोगद्याच्या छताला भोक पाडून त्यावर पातळ प्लास्टिक ताणलं होतं आणि कॅमेरा वरून खाली डोळा लावून बसला होता.

वाऱ्यानं वेग धरला. पडद्यावर रेघ उमटली, आणि रेघेच्या पुढे, पंखाच्या पुढच्या कडेवर, एक पांढरा डाग उमटला. डागाला बोटं होती.

"हातमोजे काय देव्हाऱ्यात ठेवलेत, मिस्त्री?" मॅडम म्हणाल्या.

"मी नाही लावला हात."

"मग वाऱ्यानं लावला असेल."

मकसूदला राग आला. तीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. तो पडद्याजवळ गेला, आणि तिथेच त्याचा राग विरला. पंखाच्या पाठीवर तळवा टेकलेला होता. तीन बोटं पुढच्या कडेवरून खाली वळली होती. एक कडेपर्यंतच पोचत होतं. ते अनामिकेचं बोट होतं. मनगटापर्यंत सगळं स्वच्छ पांढरं, मनगटामागे काही नाही.

डाग असा नसतो, हे त्याला लगेच कळलं. माणूस पंखाला हात लावतो तेव्हा बोटं सरळ असतात. हा हात लावलेला नव्हता. यानं पंख धरला होता.

फॅन बंद झाल्यावर मॅडमनी स्वतः आत जाऊन पाहिलं. काळा, कोरडा, गुळगुळीत पंख. मकसूदनं त्या जागेवरून गाल फिरवला. गालाला काही लागलं नाही. मॅडमनी हातमोजा काढून पंखाच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचा तळवा टेकवला आणि पडद्यावर त्याची ऊब उतरताना घड्याळ लावून पाहिली. दोन मिनिटांत त्यांचा हात पुसला गेला. वाऱ्यातला तो दुसरा हात मात्र वीस मिनिटं जसाच्या तसा होता.

"किती गरम होता?" मकसूदनं विचारलं.

"छत्तीस पूर्णांक सहा."

"तापाच्या हिशोबानं सांगा. आमच्या घरी तोच थर्मामीटर आहे."

मॅडमनी फॅरनहाइटचा आकडा काढून दिला. त्यानं तो बसच्या तिकिटामागे लिहून घेतला.

३

कासिमला जाऊन साडेतीन महिने झाले होते. 'जाऊन' हा शब्द मकसूद वापरत नसे. पोलीस चौकीतल्या कागदावर 'बेपत्ता' असं होतं, आणि तोच शब्द त्याला बरा वाटायचा.

मुलगा हुशार निघाला होता. कॉम्प्युटरचा कोर्स केला, दोन हजार साली कंपनीत लागला, गळ्यात कार्ड आलं. सुगराबीनं ते कार्ड शेजारणींना स्वतःच्या गळ्यात घालून दाखवलं होतं. पुढच्या जुलैत अमेरिकेतली कामं आटली आणि कंपनीनं एका दुपारी तीस पोरांना घरी पाठवलं. कासिम घरी आला आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन, कार्ड घालून, आठला बाहेर पडला. असे चार महिने. हे सगळं नंतर कळलं. स्वारगेटच्या एका कंडक्टरनं फोटो ओळखला. म्हणाला, हा पास काढून दिवसभर बसायचा, खडकवासल्याला जायचा, परत यायचा, परत जायचा. डबा खिडकीशी बसून खायचा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो आपणहून बापाबरोबर शेडवर आला. हाच पंख तेव्हा अर्धा घासून झाला होता.

"अब्बा, मी घासतो आज."

"कॉम्प्युटरवाले साहेब लाकडाला हात लावणार? सूर्य कुठे उगवलाय बघून ये."

कासिम हसला होता. तासभर त्यानं मन लावून घासलं. मग पंखाची पुढची कड धरून उभा राहिला. बराच वेळ. त्याला काहीतरी बोलायचं होतं, हे मकसूदला आज कळत होतं. त्या दिवशी त्यानं नजर वर न करता एवढंच म्हटलं होतं, "हात काढ. डाग पडतो."

कासिमनं हात काढला. मकसूदनं ती जागा स्पिरिटनं पुसून घेतली. सोमवारी आठला मुलगा डबा घेऊन निघाला आणि परत आला नाही.

संध्याकाळी सुगराबीनं नेहमीसारखी तीन ताटं मांडली. मकसूदनं तिला सगळं सांगितलं. तिनं कसं, काय, का असं काही विचारलं नाही. तिनं एकच विचारलं.

"किती होता?"

त्यानं तिकीट काढून वाचलं. "जवळजवळ अठ्ठ्याण्णव."

"म्हणजे ताप नाही," सुगराबी म्हणाली. तिनं तिसऱ्या ताटावरची माशी हाकलली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली, आणि मकसूदही जेवला. गरम आहे म्हणजे जिवंत आहे. एवढं गणित त्याला जमत होतं.

४

मंगळवारी हात मोजताना उत्तरेश्वर "सहा" म्हणाला. या वेळी मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं नाही.

हात आला. त्याच जागी, पण तीनपैकी दोन बोटांची टोकं आता कडेच्या वर दिसत होती. मॅडमनी पडद्यावरचं फुलीचं चिन्ह तळव्यावर नेलं. पस्तीस पूर्णांक एक.

"गार झालाय," मकसूद म्हणाला.

"वाऱ्यात कुठलीही गोष्ट गार होते," मॅडम म्हणाल्या. "चहासुद्धा." पण विनोद त्यांनाच आवडला नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगू लागल्या. त्याला की स्वतःला, ते कळत नव्हतं. लाकूड घासताना हाताचं तेल मुरलं असेल. वरून रंग बसला. ती जागा ऊब वेगळी धरते. मकसूद मान हलवत होता. असंच असेल. तेलच असेल. मग त्याची नजर हाताच्या मागे गेली.

"आणि ह्या काय?"

प्रत्येक बोटापासून मागे एकेक काळी पाचर निघाली होती. लांब बोटांच्या लांब, आखूड बोटाची आखूड. पुढच्या कडेवर वाळूचा कण जरी बसला तरी त्याच्यामागे वारा बिथरतो आणि अशी पाचर पडते, हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं.

मॅडमनी एका पाचरीवर बोट ठेवलं. "नुसत्या डागानं वारा बिथरत नाही. तिथे काहीतरी उंच असावं लागतं."

शेजारच्या काचेतून पंख दिसत होता. काळा, मोकळा. त्यावर काहीही नव्हतं.

संध्याकाळी सुगराबीनं विचारलं, "आज किती?" त्यानं पंच्याण्णव सांगितलं. ती उठली, डब्यातून सुंठ काढली, हातात धरून उभी राहिली आणि परत ठेवली. द्यायची कुणाला?

बुधवारी तेहतीस. हात चार बोटांएवढा मागे सरकला होता. कडेवर काहीच वळलेलं नव्हतं. बोटांची टोकं फक्त लाकडावर दाबलेली होती, आणि चित्रात ती दाबल्याची जागा कळत होती, कारण तिथे पांढरं जरा जास्त पांढरं होतं. आखूड बोट टेकतही नव्हतं. मकसूदनं आयुष्यभर लाकूड घट्ट धरलं होतं. हातातून लाकूड निसटताना माणूस शेवटी कसा धरतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

उत्तरेश्वर खटक्यापाशी उभा राहून लांबून पडदा बघत होता. कुणी सांगायच्या आत त्यानं फॅन बंद केला. पडद्यावरचा हात त्याच क्षणी गेला. निवला नाही, पुसला गेला नाही, गेला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "वारं लागतंय त्याला."

शेडमध्ये पत्रा तापल्याचा टकटक आवाज येत होता.

"आपणच सोडतोय वारं. दर दिशी. त्यो धरून हाय, अन् आपण सोडतोय."

मकसूदला हे कळलं नव्हतं असं नाही. मंगळवारी रात्री अंथरुणात त्याच्या मनात ते येऊन गेलं होतं आणि त्यानं कूस बदलली होती. वाऱ्याशिवाय हात दिसत नाही. वाऱ्यात हात गार होतो. बघायचं तर घालवायचं.

"माझ्या कामापुरतं झालंय," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडदा बंद केला. "ह्या पंखावर आता वारा सोडायचा नाही. मी लिहून देते, कॅमेरा बिघडला म्हणून. बंगळुरूवाल्यांना मी बघते."

त्या दिवशी त्यांनी त्याला पहिल्यांदा मकसूदभाई म्हटलं.

५

गुरुवारी त्या भागात वीजच नसायची. तरी मकसूद गेला. दार उघडलं, हातमोजे घातले, पंखापाशी बसून राहिला. वारा नव्हता. कासिमला विसावा मिळत असेल, असं तो स्वतःला सांगत होता. कुठेतरी, कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत, पोरगं पांघरूण घेऊन निजलं असेल आणि अंगात ऊब धरत असेल. मग वाटायचं, ऊब धरतोय की निवतोय, हे कळणार कसं? चुलीवरचं दूध झाकून ठेवलं की जसं कळत नाही, तसं झालं होतं.

घरी ताटं तीन. "आज किती?"

आज वारा नव्हता, बघितलं नाही, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं. सुगराबी डोळे मोठे करून बघत होती.

"अठ्ठ्याण्णव," मकसूद म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला बघवलं नाही. "परत चढला?"

"चढला."

तिनं रात्रीचं सगळं बाजूला ठेवून मलिदा केला. तूप पुरेना म्हणून शेजारून वाटीभर आणलं. आळीत सगळ्यांना वाटला, विचारलं त्यांना म्हणाली, "कासिमला बरं वाटतंय." तिसऱ्या ताटात सगळ्यात मोठा घास ठेवला. मकसूदनं तोंडात घातलेला मलिदा गिळला तेव्हा त्याला आपली किळस आली. आयुष्यात त्यानं लाकडाची एक फटसुद्धा लांबीचा लगदा भरून लपवली नव्हती.

शुक्रवारी तो सहाच्या आधी शेडवर उभा होता. कॅमेरा पेटीत जायचा बाकी होता.

"एकदाच, मॅडम. अगदी हलकं वारं. नुसतं आहे का बघायला."

"नको," उल्का मॅडम म्हणाल्या. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"उद्या कॅमेरा जाईल. मग मला जन्मभर कळणार नाही."

"आणि दिसला नाही तर?"

मकसूद तिथून हलला नाही.  मॅडमनी उत्तरेश्वरकडे पाहिलं. उत्तरेश्वर जमिनीकडे बघत होता. शेवटी मॅडमनीच दिवे लावून पंख शेकायला घेतला. नाही म्हणायचं बळ तिघांतल्या एकाच्याही अंगात उरलेलं नव्हतं.

६

हात वर झाले. उत्तरेश्वर मोजून थांबला. "पाच," तो म्हणाला.

 उत्तरेश्वर बोगद्याच्या दाराकडे बघत राहिला, डोळे बारीक करून, संध्याकाळी बांधावरून कुणी येतंय का बघावं तसा. मग अगदी हळू म्हणाला, "सहा. हाय अजून." कुठे बघून मोजलंस, असं कुणी विचारलं नाही.

फॅन एवढाच फिरला की दाराच्या फटीतून कागद फडफडावा. मॅडम पडद्यावर वाकल्या. पंख राखाडी होता. त्यावर शोधावं लागलं.

हात पंखाच्या पार मागच्या कडेला गेला होता. तळवा लाकडावरून सुटला होता. दोन बोटांची टोकं तेवढी उरली होती, जवळजवळ पंखाच्याच रंगाची. तीस. पंख एकोणतीस.

"बंद करू का?" उत्तरेश्वर ओरडला.

"बंद करा," मॅडम म्हणाल्या.

"नको!" हा मकसूद होता. "बंद केलं की दिसायचा नाही. कुठे आहे ते दिसायचं नाही. मी धरतो त्याला. मी आत जातो."

एवढ्या वाऱ्यात माणूस आत उभा राहू शकतो. तो धावला. दाराशी पोचला, दार उघडलं, आत शिरला. वाऱ्यानं सदरा पाठीला चिकटला. समोर पंख. काळा, मोकळा, काही नाही त्यावर.

"मागच्या कडेला!" बाहेरून मॅडमचा आवाज. "तुमच्या डावीकडे. अजून. तिथेच, मकसूदभाई, तिथेच!"

त्यानं उजवा हात टेकला.

आधी लाकूड लागलं. मग बोटं लागली. त्यानं डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांना तिथे काही नव्हतं आणि हाताला होतं. दोन बोटं पंखावरून उचलली गेली आणि त्याच्या हातावर आली. मग तिसरं. मग आखूड बोट, थोटकं, त्याच्या मनगटाच्या हाडाशी. लहानपणी रस्ता ओलांडताना ते तिथेच लागायचं. मकसूदनं मूठ आवळली. सगळं बळ लावून आवळली. आता सुटत नाही, असं त्याला वाटलं. आयुष्यात कशाचीच एवढी खात्री त्याला वाटली नव्हती.

ती बोटं गरम आहेत की गार, हे मात्र त्याला कळेना. का कळत नाही, याचा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याच वेळी ओढ लागली.

हातमोजा मनगटावरून सरकला. गुळगुळीत नायलॉनचा, पंखाला ओरखडा पडू नये म्हणून मुद्दाम घेतलेला. तो तळव्यावरून सरकला, बोटांवरून सरकला, आणि गेला. मकसूदची मूठ उघड्या वाऱ्यात मिटली. दाराशी खिळा होता, तीस वर्षं होता, आणि धावतानासुद्धा त्याचे हात आपोआप हातमोज्यांत गेले होते.

फॅन थांबला. तिघांनी शेपटीकडची जाळी तपासली. वाऱ्यात उडालेली प्रत्येक गोष्ट त्या जाळीवर सापडते. हातमोजा सापडला नाही.

मॅडम चित्र दाखवायला तयार नव्हत्या. मकसूद म्हणाला, मी बनवलेला पंख आहे, मी बघणार. त्यांनी एकेक चौकट पुढे सरकवली. त्याचा हात येतो, फिकट राखाडी, हातमोज्यामुळे. पंखावर दोन बोटं टेकलेली आहेत. मग ती पंख सोडतात. त्यांना कुणी सोडवत नाही. बापाचा हात आल्यावर ती आपणहून सोडतात. पुढे दोन चौकटी हातात हात आहे. मग नाही.

त्यानंतरच्या एका चौकटीत सुटलेल्या मनगटाच्या मागे काही होतं. खांदा असावा. खांद्यावर त्याच्या दिशेनं वळलेलं तोंड, इतकं गार की बोगद्याच्या तळापासून वेगळं काढता येत नव्हतं. मॅडमचं बोट चुकून पुढे गेलं, आणि पुढच्या चौकटीत पंख होता, तळ होता, आणि मकसूदचा एकट्याचा हात होता, लख्ख पांढरा.

७

बसमध्ये त्यानं तिकिटामागे अठ्ठ्याण्णव लिहिलं. रोज लिहायचं, असं त्यानं ठरवलं. कॅमेरा गेला तरी चालेल, शेड गेली तरी चालेल. रोज पहिल्या बसला घरातून निघायचं, डबा घेऊन, आणि संध्याकाळी येऊन आकडा सांगायचा. पोरानं चार महिने केलं होतं. बापाला का जमू नये?

आळीत लोकांनी हाक मारून मलिदा छान झाला होता म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली.

सुगराबी चुलीपुढे बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मकसूद तिच्या प्रश्नाची वाट बघत उंबऱ्यातच उभा राहिला. खिशात तिकीट होतं. तिनं प्रश्न विचारला नाही. भाकरी उलटली, निखाऱ्यावर टाकली, फुगू दिली.

ताटं दोन होती. तिसरं घासून, पुसून, फळीवर पालथं ठेवलेलं होतं.

"आज अठ्ठ्याण्णव होता," मकसूद म्हणाला.

सुगराबीनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली. "सकाळी सातला मला थंडी वाजली," ती म्हणाली. "उन्हात बसले तरी जाईना." मग पदरानं चुलीपुढची राख सारखी केली आणि म्हणाली, "हात धुऊन या."

तो मोरीत गेला. तोटी सोडली आणि उजवा हात पाण्याखाली धरून बराच वेळ उभा राहिला. पाणी कोमट आहे की गार, ते त्याला कळत नव्हतं.